आधी वाटणी, मग मांडणी

शेजारची चौथीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन आमच्या ओट्यावर बसते. परवा तिच्या वहीत ६१२ भागिले ६ असं उदाहरण होतं आणि उत्तर होतं १२. मांडणी नीटनेटकी, रेघ पट्टीनं मारलेली, तळाशी बाकी शून्य. कसं केलंस म्हणून विचारलं तर तिनं एका दमात सांगितलं, "सहा एके सहा. मग एक खाली घेतला. एकाला सहानं भाग जात नाही, म्हणून दोन पण खाली घेतला. बारा. सहा दुणे बारा. झालं."

मी म्हटलं, बरं, वही मिट. आजीनं तुम्हा सहा भावंडांना मिळून ६१२ रुपये दिले, तर एकेकाला किती येतील? ती वरच्या पत्र्याकडे बघत म्हणाली, "शंभर-शंभर तर येतीलच. वर बारा उरले, त्याचे दोन-दोन. एकशे दोन." मग वहीत बारा कसे आले? तिनं वही उघडून पाहिली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि अजिबात न गडबडता म्हणाली, "काका, ते वेगळं. हे वहीतलं आहे."

तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिला शाळेत जे शिकवलं त्यावरून तिनं काढलेला निष्कर्ष अचूक आहे. वाटणी ही घरातली गोष्ट, भागाकार ही वहीतली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध असलाच पाहिजे असं तिला कुणी भासवलेलं नाही. आपल्याकडे भागाकार 'जड' जातो त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं. चार क्रियांपैकी मूल शाळेत येण्याआधीपासून जिच्यावरून भांडतं ती ही एकच क्रिया, आणि तीच आपण त्याला सर्वांत परकी करून देतो.

'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत मुलांच्या घरी जाऊन त्यांच्यापुढे एक साधा कागद ठेवते. त्यातली अंकगणिताची सर्वांत वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ज्या मुलांना ते जमलं त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.९ टक्के होतं, कोरोनानंतर २०२२ मध्ये २५.६ आणि २०२४ मध्ये ३०.७. आठवीत २०२४ साली ४५.८. म्हणजे सक्तीचं शिक्षण जिथे संपतं तिथे उभ्या असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना तिसरी-चौथीचा भागाकार येत नाही. अहवाल आला की दोन दिवस बातम्या होतात, कुणीतरी शिक्षकांना झोडपतं, कुणीतरी मोबाइलला, आणि शेवटी सगळे एकाच उपायावर येऊन टेकतात: पाढे पाठ करून घ्या.

या आकड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तो कागद मांडणी तपासतो. आमच्या शेजारणीला तो दिला असता तर मधल्या शून्याच्या उदाहरणात ती नापास झाली असती आणि शून्य नसलेल्यात पास. तिला ६१२ रुपये सहा जणांत वाटता येतात ही गोष्ट कुठल्याच रकान्यात नोंदली गेली नसती. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासह काही संशोधकांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या मुलांचा जो अभ्यास केला आणि २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापला, त्यात हीच तफावत मोठ्या प्रमाणावर दिसते. गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी चुकता करणारी मुलं तशाच आकड्यांच्या कागदावरच्या उदाहरणात अडखळत होती. आणि शाळेत जाणारी, कागदावर बरी असणारी मुलं बाजारातल्या हिशोबात गडबडत होती. दोन्हीकडे गणित आहे, मधला पूल नाही. तो पूल बांधायचं काम शाळेचं.

भागाकार म्हणजे समान वाटणी, हे पाठ्यपुस्तकात नसतं असं मात्र नाही. बहुतेक पुस्तकांत धडा वाटणीच्या चित्रांनीच सुरू होतो. बारा लाडू, तीन ताटल्या, चार-चार. दोन पानं झाली की चित्रं संपतात, भाज्य-भाजक-भागाकार-बाकी अशी चौकडी येते, कंस येतो, आणि लाडू जे जातात ते दिवाळीतसुद्धा परत येत नाहीत. वर्गात ती दोन पानं एका तासिकेत उरकतात. "हे सोपं आहे, हे तुम्हाला येतंच" असं म्हणून पुढे जातात. येतंच म्हणून तर त्यावर थांबायला हवं होतं.

पुढे भाषाही बदलते. 'वाटणे' हे क्रियापद जातं आणि 'भाग जाणे' येतं. तीनानं बाराला भाग जातो. कोण जातो? कुठे जातो? मी लहान असताना मला वाटायचं की हा भाग नावाचा कुणीतरी माणूस आहे आणि तो काही आकड्यांच्या घरी जातो, काहींच्या घरी जात नाही. शिक्षक 'भाग लाव' म्हणायचे तेव्हा तर ते दाराला कडी लाव म्हटल्यासारखं ऐकू यायचं. हे शब्द वाईट नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, पण वाटणीचा हात सोडून ते एकटे उभे राहिले की त्यांचा मंत्र होतो. 'गुणा, वजा करा, खाली घ्या' हा मंत्र म्हणणाऱ्या मुलाला उत्तर विचारा, ते सांगेल. उत्तराचा अर्थ विचारा, ते तुमच्या तोंडाकडे बघेल.

आता जरा लाडूंपाशीच थांबतो, कारण तिथे एक गाठ आहे जी बहुतेक पालकांच्याच काय, पुष्कळ शिक्षकांच्याही लक्षात आलेली नसते. बारा लाडू तीन मुलांत वाटले, प्रत्येकाला चार. आता दुसरं: बारा लाडू तीन-तीनच्या पुड्यांत बांधले, पुड्या चार. वहीत दोन्ही ठिकाणी १२ भागिले ३. पण पहिल्या चाराचा अर्थ चार लाडू, दुसऱ्या चाराचा अर्थ चार पुड्या. पहिल्यात किती जण हे ठाऊक आहे, एकेकाला किती ते शोधायचंय. दुसऱ्यात एकेका पुडीत किती ते ठाऊक आहे, पुड्या किती ते शोधायचंय. हातानं करून पाहिलं तर दोन्ही कृती अगदी वेगळ्या दिसतात. पहिल्यात मूल एक तुला, एक तुला, एक मला असं पत्ते वाटल्यासारखं वाटत सुटतं. दुसऱ्यात ते ढिगातून तीन उचलतं, बाजूला ठेवतं, पुन्हा तीन उचलतं. पहिली वाटणी, दुसरी गटवारी. दोन्हींचं उत्तर एकच का यावं, हा तिसरीतल्या मुलाला पडू शकणारा अस्सल गणिती प्रश्न आहे. वाटताना एक फेरी पूर्ण झाली की ढिगातून तीनच लाडू गेलेले असतात, म्हणजे प्रत्येक फेरी ही एक पुडीच झाली, हे ज्या मुलाला चिंचोके हलवता हलवता दिसतं त्याला तीनाचा पाढा भागाकारात कशाला लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

केवळ वाटणीवर थांबून चालणार नाही, हेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर मी वाटणीचा भाट ठरेन. सहा भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, किती जणांना पुरतील? ६ भागिले अर्धा. अर्ध्या माणसात भाकऱ्या वाटता येत नाहीत, तिथे वाटणीचं चित्र कोलमडतं. गटवारीचं चित्र मात्र शाबूत राहतं: अर्धी-अर्धी भाकरी उचलत जा, बारा वेळा उचलाल. भागाकारानं संख्या नेहमी लहानच होते हा जो समज सातवीपर्यंत मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो, तो एकाच चित्रावर वाढवल्याचा परिणाम. उलट तीन भाकऱ्या चार जणांत म्हटलं की वाटणीचं चित्रच कामाला येतं, आणि मराठी मुलाच्या तोंडात उत्तर तयार असतं: पाऊण. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. एवढे शब्द घेऊन मूल पहिलीत येतं आणि पुढे आपण त्याला अपूर्णांक 'नवीन' म्हणून शिकवतो.

तर मांडणी. तिच्यात वाटणी लपलेली आहे आणि ती उघड करून दाखवायला काही लागत नाही. खोट्या नोटा पुरतात. ८४५ रुपये तीन जणांत वाटायचे. शंभराच्या आठ नोटा, दहाच्या चार, रुपयाची पाच नाणी. आधी शंभराच्या वाटा: दोन-दोन, दोन उरल्या. दोन नोटा तिघांत कशा वाटणार? सुट्टे करून आणा. दोन शंभरांच्या दहाच्या वीस नोटा, आधीच्या चार, मिळून चोवीस. आठ-आठ. काही उरलं नाही. रुपयाची पाच नाणी: एक-एक, दोन उरली. प्रत्येकाला २८१, बाकी २. आता हेच कंसात लिहून पाहा. 'चार खाली घेतला' म्हणजे काय, तर शंभरांचे सुट्टे केलेल्या दहांत आधीच्या दहाच्या नोटा मिसळल्या. 'खाली घेणं' या गूढ क्रियेला बाजारात सुट्टे करणं म्हणतात आणि ते प्रत्येक मुलानं किराणा दुकानात पाहिलेलं असतं.

आणखी एक. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आपण उजवीकडून सुरू करतो. भागाकार एकटा डावीकडून. का? हा प्रश्न मी बऱ्याच मोठ्या माणसांना विचारला आहे. उत्तर येतं, "तशीच रीत आहे." रीत आहेच, पण तिला कारण आहे. उजवीकडून करून पाहा. पाच नाणी तिघांत: एक-एक, दोन उरली. चार दहांच्या: एक-एक, एक उरली. आठ शंभरांच्या: दोन-दोन, दोन उरल्या. आता हातात दोन शंभर, एक दहा आणि दोन रुपये शिल्लक, ते सुट्टे करून पुन्हा पहिल्यापासून वाटा. उत्तर तेच येईल, पण फेऱ्या वाढतील. मोठी नोट आधी वाटली की उरलेली मोडून पुढच्या ढिगात घालता येते, एका खेपेत काम. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास दिलेला भागाकाराचा नियमही सर्वांत मोठ्या स्थानापासूनच सुरू होतो, आणि भाजकाला जितक्यानं गुणून वजा करता येईल ते उत्तर, असंच सांगतो. नऊशे वर्षांत रीत फारशी बदलली नाही. तिच्यामागचं कारण मात्र आपण वर्गाबाहेर ठेवलं.

पाढेवाल्यांशी माझं भांडण अर्धंच आहे. पाढे यायला हवेत. सातानं भागताना सात नव्वे त्रेसष्ट आठवत नसेल तर मूल मध्येच दमतं, आणि दमलेल्या मुलाला कुठलाच अर्थ सुचत नाही. पण "आमच्या वेळी पाढे होते म्हणून आम्हाला भागाकार यायचा" या आठवणीत एक गोष्ट गाळली जाते. जुन्या शाळेत नुसते पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाव पटीपासून साडेतीन पटीपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढेही होते. पावकी म्हणजे दुसरं काय? चारांत वाटल्यावर एकाला काय येतं त्याची घोकणी. निमकी म्हणजे दोघांतली वाटणी. आणि घोकून झाल्यावर मूल दुपारी वाण्याकडे जाऊन पावशेर, अच्छेर, छटाक मोजून आणत होतं. अर्थ दुकानातून येत होता, शाळेनं फक्त वेग दिला. आज दुकान पाकिटबंद झालं, पैसे फोनवरून जातात, सुट्टे करायची वेळच येत नाही. घोकणी तेवढी उरली. बाहेरून येणारा अर्थ आटला असेल तर तो शाळेनं आत आणला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

(जाता जाता. १ एप्रिल १९५७ च्या आधीचा रुपया १६ आण्यांचा, आणा १२ पैंचा, म्हणजे रुपयाचे १९२ पै. तो तिघांत वाटला तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, काही उरत नाही. नवा रुपया तिघांत वाटा, ३३ पैसे येतात आणि एक पैसा उरतो. दशमान पद्धत हिशोबाला सोयीची, यात वाद नाही. पण वाटणीसाठी जुनी मापं अधिक समजूतदार होती.)

बाकीबद्दल तर स्वतंत्रच लिहायला हवं. वर्गात बाकी म्हणजे तळाशी राहिलेला कचरा. ती लिहायची आणि विसरायची. वाटणीत मात्र बाकी उरली की खरा प्रश्न सुरू होतो. सतरा चिक्क्या पाच जणांत, तीन-तीन झाल्या, दोन उरल्या, आता काय? तुकडे करायचे? आईसाठी ठेवायच्या? चिठ्ठ्या टाकायच्या? चिक्कीऐवजी फुगे असतील तर तुकड्यांचा पर्याय बाद. अमेरिकेत १९८३ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर १,१२८ सैनिकांना किती बस लागतील. बहुतेकांनी भागाकार बरोबर केला. त्यातल्या पुष्कळांनी उत्तर लिहिलं: ३१, बाकी १२. बाकीचे बारा सैनिक रस्त्यावर. ३२ बस लिहिणारी मुलं एक चतुर्थांशाहूनही कमी निघाली. म्हणजे हा रोग आपल्याच मातीतला नाही. मंत्र शिकवला की सगळीकडे हेच पीक येतं.

आपल्या शाळेत तर उदाहरण शोधायला भिंतीबाहेरही जावं लागत नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला आहे. ५० किलोचं पोतं किती ताटांना पुरेल? पाचशे. पटावर ४० मुलं असतील तर किती दिवस? बारा दिवस, आणि तेराव्या दिवशी वीसच मुलांपुरता उरेल. पोतं खोलीच्या कोपऱ्यात आहे, खिचडीचा वास वर्गात येतो आहे, आणि आपण फळ्यावर ५०० भागिले ४० लिहून 'शून्याला शून्य काटा' सांगतो. तेराव्या दिवशीचं काय, हे विचारणारा पेपर माझ्या पाहण्यात नाही.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. दोन शिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-तीन इयत्ता, वर सर्वेक्षणं, मतदार याद्या, रोजची ऑनलाइन माहिती. एका गुरुजींनी मला सांगितलं, "गणित पेटी कपाटात आहे. बाहेर काढली की मणी हरवतात, आणि तपासणीला आलेला माणूस आधी मणी मोजतो." हसायला आलं, पण खोटं नाही. आणि शिष्यवृत्तीच्या सरावसंचात ज्या वेगानं उत्तरं लागतात त्या वेगात चिंचोके वाटत बसणं परवडत नाही, हेही खरं. पण वेळेचा हा हिशोब एकदा पूर्ण मांडून पाहावा. तिसरीत चार आठवडे वाचवायचे, मग चौथीत पुन्हा, पाचवीत पुन्हा, सहावीत 'मूलभूत क्षमतां'चा खास वर्ग घेऊन पुन्हा, आणि तरीही आठवीत निम्म्याहून जास्त मुलं कोरीच. वाचवलेला वेळ गेला कुठे?

माझी मागणी फार मोठी नाही. तिसरीत दिवाळीपर्यंत भागाकाराचा कंस फळ्यावर येऊ नये. तोवर चिंचोके, खडे, काड्या, खोट्या नोटा. पेटीतले मणी नकोच, चिंचोके हरवले तर कुणी मोजत नाही. वाटा, गट करा, उरलेल्यांचं काय केलंत ते तोंडानं सांगा. काय केलं ते मुलांनी आपल्याला सुचेल तसं लिहावं, चित्रानं, टिंबांनी, बेरजेनं. कुणी ४५ वाटताना आधी प्रत्येकाला पाच-पाच देईल, कुणी थेट दहा-दहा. या आडव्यातिडव्या रीतींतूनच 'आधी मोठा घास' ही युक्ती मुलांना सुचते आणि दिवाळीनंतर मांडणी आली की ती ओळखीची वाटते. दुसरी मागणी परीक्षेची. दहा भागाकारांऐवजी पाच द्या, आणि त्यातल्या दोहोंत उत्तराचा अर्थ एका वाक्यात लिहायला सांगून त्याला गुण द्या. जे पेपरात येतं तेच शिकवलं जातं, हा आपल्या शिक्षणाचा जुना कायदा आहे. तो बदलता येत नसेल तर निदान वापरून तरी घ्यावा.

पण हे चर्चेत कसं आणायचं, याची मला धास्ती वाटते. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना संख्यांच्या नावांतली जोडाक्षरं आणि बावन्न-पंचवीस यांतला अंकांचा उलटा क्रम अडतो, म्हणून हा पर्याय, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. विषय विधानसभेपर्यंत गेला, विनोद झाले, अस्मिता जागी झाली. मला ती सूचना पूर्ण पटली होती असं नाही, जोडाक्षरांचा बाऊ जरा जास्त झाला असं आजही वाटतं. पण सहा-सात वर्षांची मुलं कुठे अडतात या प्रश्नावर आपल्या राज्यात एवढा मोठा गदारोळ झाला आणि त्यात मुलांच्या अडण्याबद्दल जेमतेम चार वाक्यं निघाली, याचं वाईट वाटलं. भागाकारात शब्दाचा वाद नाही, अस्मिता नाही, म्हणून कदाचित तो कधीच चर्चेला येत नाही.

वाटणीकडे परत जाण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गणिताच्या तासाला जरा अवघड जाणारं आहे. वहीतल्या उदाहरणात भाजक छापलेला असतो. ६१२ भागिले ६. सहा का, हे विचारायची सोय नसते. खऱ्या वाटणीत पहिला प्रश्न तोच: किती जणांत? आंबे वाटायला सांगितलं की मुलं विचारतात, आजीला धरायचं का? आईला धरायचं का? आणि किती घरांत आईला धरलेलं नसतं ते त्या वेळी कळतं. मोठ्यांच्या जगात हाच प्रश्न सातबाऱ्यावर येतो. महाराष्ट्रातलं सरासरी शेत १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टरांचं होतं, २०१५-१६ मध्ये १.३४. भाज्य तेच, भाजक वाढत गेला. आणि तरी त्या भाजकात सगळे मोजले गेले असं नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली, केंद्रानं २००५ साली हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. कायद्यानं भाजक बदलला. मग भाऊबीजेच्या आगेमागे बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं, ती सही करते, आणि भाजक पुन्हा पहिल्यावर येतो. तुकड्यांची प्रत सारखी नसेल तर काय करायचं याचीही आपल्याकडे जुनी तजवीज आहे. वाटपाच्या कागदांत 'सरस-निरस मानाने' असा शब्द असतो: विहिरीजवळची जमीन थोडी, माळावरची जास्त. समान म्हणजे काय, हा प्रश्न ज्या भाषेनं इतक्या बारकाईनं हाताळला त्या भाषेत मुलं समान वाटणीला 'भाग लावणं' एवढंच म्हणायला शिकतात. तिसरीच्या वर्गात हक्कसोडपत्र आणा असं मी म्हणत नाही. 'किती जणांत?' हा प्रश्न मुलांना विचारू द्या, एवढं पुरे.

ओट्यावरच्या मुलीचं राहिलं. तिच्याकडे व्यापाराच्या खेळातल्या नोटा होत्या, त्या आणायला सांगितल्या. सहा चपला ओळीनं मांडल्या, प्रत्येक चप्पल म्हणजे एक भावंड. शंभराच्या सहा नोटा सहा चपलांवर गेल्या. दहाची एकच नोट हातात राहिली. ती इकडून तिकडे सहा चपलांवरून फिरवून तिनं सुट्टे मागितले. दहा एक-एकचे आणि आधीचे दोन, बारा झाले, दोन-दोन वाटले. मग वही ओढून १ आणि २ च्या मध्ये, जागा नव्हती तरी कोंबून, एक बारीक शून्य लिहिलं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "दहाची नोट कुणालाच नाही मिळाली ना."

त्यानंतर ६०१२ तिनं आपणहून घेतलं. शून्यं दोन येणार, हे नोटा न काढताच सांगितलं.